‘तू शहाणी ना!’

दापोली तालुक्यातल्या मुरुडचा एक मुलगा १८७५ च्या सप्टेंबरात, भर पावसात, कुंभार्ली घाट चढून शंभर मैलांहून अधिक वाट तुडवत साताऱ्याला परीक्षेला गेला. वयाची सतरा वर्षं पूर्ण झालेली होती. पण परीक्षा समितीच्या अध्यक्षांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि ‘तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस’ म्हणून त्याला परत पाठवलं. तो मुलगा म्हणजे धोंडो केशव कर्वे. त्यांच्या जिद्दीचं उदाहरण म्हणून ही गोष्ट आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो आहोत. पण ती नजरेवर विसंबून निवाडा करण्याचीही गोष्ट आहे. पाहायचं होतं वय, पाहिली गेली अंगकाठी. दीडशे वर्षांनंतर हाच निवाडा दुसऱ्या रूपात रोज होतो. स्वमग्न मुलगा, वाचताना अक्षरांशी अडखळणारी मुलगी, हिमोफिलिया असलेला पोरगा, स्किझोफ्रेनियाशी झगडणारा तरुण, यांच्याकडे पाहून शेजारी, मास्तर, पाहुणे, कधी कधी सख्खा काकासुद्धा म्हणतो, “दिसत तर नाही हो काही.” या वाक्याने त्या मुलाचं काय होतं यावर आता थोडंफार बोललं जातं. त्याच घरात, त्याच ताटाला ताट लावून जेवणाऱ्या त्याच्या भावाबहिणीचं काय होतं, हा माझा विषय आहे. माझं म्हणणं असं, की या भावंडांच्या वाट्याला येणारा त्रास मुख्यतः भावाच्या किंवा बहिणीच्या अपंगत्वातून येत नाही. तो येतो त्या अपंगत्वाबद्दल त्यांना कोणीच नीट काही न सांगण्यातून. आणि हे न सांगणं बदलणं आपल्या हातात आहे.

आधी कायद्याकडे पाहू, कारण कायदा या बाबतीत समाजाच्या बराच पुढे गेला आहे. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते. १९ एप्रिल २०१७ पासून लागू झालेल्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये ते एकवीस झाले. स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल, मल्टिपल स्क्लेरॉसिस ही नावं यादीत आली. यातली बरीचशी डोळ्यांना दिसणारी नाहीत. अध्ययन अक्षमतेच्या बाबतीत तर महाराष्ट्राने त्याच्या वीस वर्षं आधी, १९९६ मध्ये, दहावीच्या मुलांना जादा वेळेसारख्या सवलती द्यायला सुरुवात केली होती. त्यासाठी लागणारं प्रमाणपत्र देण्याची सोय मात्र सुरुवातीची वर्षं मुंबईतल्या मोजक्या मोठ्या रुग्णालयांत होती. दापोलीच्या पलीकडच्या गावातल्या आईला त्यासाठी काय करावं लागलं असेल, याची कल्पना एसटीने रात्रभर प्रवास केलेल्या कोणालाही करता येईल. २०११ च्या जनगणनेने देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती मोजल्या. त्या जनगणनेत स्वमग्नता किंवा अध्ययन अक्षमता यांना वेगळा रकाना नव्हता. म्हणजे न दिसणारं अपंगत्व मोजणीतही बरंचसं दिसलं नाही. ज्यांची स्वतःचीच मोजणी नीट झालेली नाही त्यांच्या भावंडांची कोण करणार?

आता घरात येऊ. सहा वर्षांच्या मुलीचा आठ वर्षांचा भाऊ कुबड्यांवर चालत असेल, तर आई त्याला उचलून घेते आणि आपल्याला चालायला लावते, याचं कारण तिला रोज डोळ्यांसमोर दिसतं. तिला वाईट वाटेल, हेवाही वाटेल, पण हिशेब लागतो. भाऊ स्वमग्न असेल तर हिशेबच लागत नाही. तो धावतो, झाडावर चढतो, तिच्यापेक्षा ताकदवान आहे. तरी शिमग्याच्या ढोलांनी तो जमिनीवर लोळण घेतो आणि सगळं घर देवळातून अर्ध्या पालखीवरून परत येतं. त्याने ताट भिरकावलं तर त्याला जवळ घेतात, तिने भिरकावलं तर धपाटा मिळतो. तिने विचारलं तर उत्तर मिळतं, “तू शहाणी ना!” या तीन शब्दांत मराठी घरांनी केवढं काम उरकलं आहे! वरून ते कौतुक आहे, आतून हुकूम आहे. प्रश्न विचारू नकोस, हट्ट करू नकोस, आजारी पडू नकोस, आणि जमल्यास त्याचा गृहपाठही पाहा. कारण माहीत नसलेलं लहान मूल कारणाशिवाय राहत नाही, ते स्वतःच एखादं तयार करतं. तो लाडका आहे, मी नाही. किंवा मी त्याच्यावर चिडले म्हणून तो असा झाला. दोन्ही खोटी, आणि दोन्ही आयुष्यभर पुरणारी.

घराबाहेर तिच्यावर आणखी एक काम पडतं, ते दुभाषाचं. मास्तर विचारतात, तुझा भाऊ वर्गात उत्तर का देत नाही? मुलं विचारतात, तो हात असा का हलवतो? मुंबईहून गणपतीला आलेली आत्या म्हणते, लाडावून ठेवलाय, चार दिवस माझ्याकडे द्या. आईवडिलांनी स्वतःच नाव न सांगितलेल्या गोष्टीचा खुलासा तिने करायचा असतो. ती तो करू शकत नाही, म्हणून मग ती दोनपैकी एक करते. भावासाठी मारामारी करते, नाहीतर शाळेच्या वाटेवर त्याच्यापासून वीस पावलं पुढे चालते. गावात याला अनुक्रमे ‘भांडखोर’ आणि ‘मतलबी’ म्हणतात.

संशोधन काय सांगतं, तेही पाहायला हवं, कारण या विषयावर हळवं होणं सोपं असतं. शार्प आणि रॉसिटर या संशोधकांनी २००२ मध्ये दीर्घ आजार असलेल्या मुलांच्या भावंडांवरचे ५१ अभ्यास एकत्र करून तपासले. निष्कर्ष होता: भावंडांवर प्रतिकूल परिणाम होतो, पण तो माफक असतो. हे ‘माफक’ महत्त्वाचं आहे. अशा घरात वाढलेलं प्रत्येक मूल जखमी असतं, असं म्हणणारे चुकतात. २००७ मध्ये हॉडॅप आणि अर्बानो यांनी अमेरिकेत प्रौढ भावंडांची मोठी पाहणी केली. त्यात डाउन सिंड्रोम असलेल्यांची भावंडं एका बाजूला आणि स्वमग्न व्यक्तींची भावंडं दुसऱ्या बाजूला होती. डाउन सिंड्रोमवाल्यांच्या भावंडांनी आपलं नातं अधिक जवळचं, अधिक ऊबदार असल्याचं सांगितलं. डाउन सिंड्रोम चेहऱ्यावर दिसतो, स्वमग्नता दिसत नाही. हा फरक केवळ दिसण्या-न-दिसण्याचा आहे असा दावा मी करणार नाही. स्वमग्नतेत संवादच अवघड असतो आणि नात्याला त्याचा फटका बसणारच. पण जिथे वागण्याचा अर्थ लावणंच अवघड, तिथे अर्थ समजावून सांगणारं माणूस जास्त लागतं, कमी नाही. आणि आपल्याकडे नेमकं उलट होतं. दिसणाऱ्या अपंगत्वाबद्दल घरात मोकळेपणाने बोललं जातं, न दिसणाऱ्याबद्दल आवाज खाली येतो.

आवाज खाली का येतो, याचं उत्तर मुरुडच्याच इतिहासात आहे. कर्व्यांनी ११ मार्च १८९३ रोजी विधवा असलेल्या गोदूबाईंशी पुनर्विवाह केला आणि नंतर ते गावी गेले, तेव्हा ग्रामस्थांनी सभा भरवून त्यांच्यावर बहिष्कार घातला. त्या बहिष्काराची झळ एकट्या कर्व्यांपुरती राहणार नव्हती. त्यांना घरात थारा दिला तर गावातच राहणारी आई आणि भावंडंही वाळीत पडणार होती. पुनर्विवाह आणि अपंगत्व यांची तुलना मी करत नाही. पण एकावर बसलेला शिक्का घरभर उमटतो, ही रीत तीच आहे. समाजशास्त्रज्ञ अर्विंग गॉफमन यांनी १९६३ मध्ये या उसन्या कलंकाला शास्त्रीय नाव दिलं. कोकणातल्या माणसाला त्याची ओळख करून द्यायची गरज नाही, कारण स्थळं पाहताना ‘घरात काही आहे का?’ हा प्रश्न अजूनही विचारला जातो. त्यातल्या ‘काही’चा अर्थ विचारणाऱ्याला आणि सांगणाऱ्याला, दोघांनाही बरोबर कळतो. म्हणून थोरल्याला गोळ्या चालू आहेत हे धाकटीच्या लग्नापर्यंत झाकायचं, आणि झाकायचं म्हणून धाकटीलाही नीट सांगायचं नाही. ‘बाहेरचं आहे’, ‘डोक्याला ताप झाला होता’, ‘अभ्यासाचा ताण घेतला’ असल्या पांघरुणांखाली ती मोठी होते. रत्नागिरीतलं मनोरुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून उभं आहे. राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी ते एक. तरीही या जिल्ह्यात ‘रत्नागिरीला नेलं’ हे वाक्य उपचाराची बातमी म्हणून उच्चारलं जात नाही, कुजबुज म्हणूनच उच्चारलं जातं.

हे गप्प बसणं सोडण्यावरचा सर्वांत जोरदार आक्षेप इथूनच येतो. लोक म्हणतील, मुलीला सगळं सांगितलं तर ती बाहेर बोलेल, गाव लहान आहे, उद्या तिचंच नुकसान होईल. हा आक्षेप मूर्खपणाचा नाही. ज्यांना लहान गावात राहायचं असतं त्यांची भीती पुण्यामुंबईत बसून उडवून लावू नये. पण त्याला दोन उत्तरं आहेत. पहिलं, लहान गावात गुपित राहत नाही. राहतं ते फक्त त्या मुलीपुरतं. मुरुडसारख्या गावात अमक्याच्या थोरल्याचं काय, हे नाक्यावरच्या टपरीला माहीत असतं, घरातल्या धाकटीला नसतं. दुसरं उत्तर अधिक गंभीर आहे. यातल्या काही विकारांमध्ये ती माहिती तिच्या स्वतःच्या शरीराची असते. हिमोफिलिया असलेल्या मुलाची बहीण त्या जनुकाची वाहक असू शकते. तिला स्वतःला वरकरणी कदाचित काही जाणवणारही नाही, पण तिच्या मुलाला तो आजार होऊ शकेल. हे तिला लग्नाआधी कळण्याचा हक्क नाही का? स्किझोफ्रेनियाचं प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येत शेकडा एकाच्या आसपास असतं, रुग्णाच्या सख्ख्या भावंडांमध्ये ते नऊ-दहाच्या आसपास जातं. आकडा ऐकून घाबरायला होतं, पण याचाच अर्थ असा, की दहांतल्या नऊ भावंडांना तो आजार होत नाही. ज्याला हे कोणीच सांगितलेलं नाही तो विशीतला मुलगा प्रत्येक अपुऱ्या झोपेनंतर आरशात स्वतःला तपासत बसतो. त्याच्या मनातला आकडा दहाचा नसतो, शंभराचा असतो.

वैद्यकाला भावंडाची आठवण होतच नाही असं नाही. थॅलेसेमियाच्या मुलाला मज्जा प्रत्यारोपण करायचं ठरलं की पहिली तपासणी सख्ख्या भावंडाची होते, कारण त्याची मज्जा जुळण्याची शक्यता चारात एक असते. म्हणजे भावंड हवं असतं तेव्हा व्यवस्थेला ते बरोबर सापडतं. फक्त त्याला काय हवं आहे हे विचारण्यासाठी ते सापडत नाही.

दुसरा आक्षेप संस्कारांचा. आपल्याकडे भावंडांनी भावंडांना सांभाळणं ही रीतच आहे, त्यात ओझं कसलं, ही पाश्चात्त्य खुळं आपल्या घरात आणू नका. यात तथ्य आहे आणि ते मी मनापासून मान्य करतो. नवरा मुंबईला चाकरमानी, घरी आई, आजी आणि दोन पोरं, अशा घरात थोरलीने धाकट्याला सांभाळलं नसतं तर कोकणातल्या निम्म्या पिढ्या वाढल्याच नसत्या. या मुलांमध्ये समंजसपणा लवकर येतो, आणि पुढे त्यातली काही मुलं उत्तम शिक्षक, परिचारिका होतात, हेही खरं. पण रीत आणि गृहीत यांत फरक आहे. सांभाळणारीला आपण काय सांभाळतोय हे माहीत असेल तर तो संस्कार, माहीत नसेल तर ती वेठ. शिवाय एकत्र कुटुंबाचा दाखला देताना आपण सोयीस्करपणे विसरतो, की ते कुटुंब बहुतेक ठिकाणी उरलेलं नाही. चार काकांत वाटली जाणारी जबाबदारी आता दोन भावंडांच्या घरात एकाच डोक्यावर येते.

आणि ती कधी संपत नाही. ‘आमच्यानंतर तूच’ हे वाक्य मुलं दहा-बारा वर्षांची असल्यापासून ऐकतात. नॅशनल ट्रस्टच्या १९९९ च्या कायद्याने स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्या प्रौढ व्यक्तीसाठी पालक नेमण्याची सोय केली आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती त्यावर निर्णय घेते. सोय चांगली आहे. पण अर्ज करणाऱ्या भावाला किंवा बहिणीला हे खरोखर झेपणार आहे का, त्यांचं स्वतःचं पुढे काय ठरलं आहे, याची चर्चा घरात त्याआधी क्वचितच झालेली असते. कोकणात बहिणीने माहेरच्या वाडीवरचा हक्क भावासाठी सोडण्याची पद्धत अजून आहे. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत त्याचं रीतसर हक्कसोडपत्र होतं. जबाबदारीचं हक्कसोडपत्र मात्र कुठेच होत नाही. वाडी सोडून गेलेल्या बहिणीच्या दारात आईवडिलांनंतर भाऊ आणून सोडला जातो, तेव्हा तिच्या नवऱ्याला आणि सासूला ते त्याच दिवशी कळतं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ या २००४ च्या चित्रपटात अतुल कुलकर्णींनी केलेला आजारी शेष आपल्या लक्षात राहिला, आणि राहायलाच हवा. पण सोनाली कुलकर्णींनी केलेली त्याची बहीण सीना मला तितकीच महत्त्वाची वाटते. मराठीत आजारी भावाची बहीण त्यागमूर्ती म्हणून पुष्कळदा आली. आपल्या संसाराची ओढाताण घेऊन, वैतागायची मुभा असलेलं माणूस म्हणून ती फारच कमी वेळा आली.

तिसरा आक्षेप अपंग हक्कांच्या बाजूने येतो आणि मला तो सर्वांत जास्त विचारात पाडतो. भावंडांच्या त्रासाबद्दल बोललं की अपंग मूल हे घरावरचं संकट आहे, या जुन्या समजालाच खतपाणी मिळतं, असं अपंग व्यक्ती म्हणतात. त्यांना तसं वाटण्याची कारणं आहेत, शतकानुशतकं त्यांना ओझंच म्हटलं गेलं आहे. म्हणूनच त्रासाचं मूळ कुठे आहे हे काटेकोरपणे सांगायला हवं. धाकट्याची स्वमग्नता थोरलीला एकटं पाडत नाही. तिच्याशी कोणी न बोलणं एकटं पाडतं. अध्ययन अक्षमतेमुळे भाऊ ‘ढ’ ठरत नाही. तो तसा ठरवला जातो आणि पहिला नंबर आणणाऱ्या बहिणीला त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून उभं केलं जातं: “बघ ती कशी करते.” त्या वाक्याने दोघांचंही नुकसान होतं. जिला भावाच्या मेंदूचं काम कसं चालतं हे सांगितलेलं असतं ती त्याची पहिली साथीदार होते. आईवडील गेल्यानंतरही सर्वांत जास्त वर्षं त्याच्याबरोबर राहणार असते ती तीच. तिचा विचार करणं हे त्याच्या हक्कांच्या विरोधात कसं जाईल?

पैशाचा मुद्दा थोडक्यात. अपंग मुलालाच सेवा मिळत नाहीत, तालुक्याला बालमानसतज्ज्ञ मिळत नाही, तिथे भावंडांसाठी कुठून आणायचं, असं विचारलं जातं. इंग्लंडमध्ये २०१४ च्या मुलं व कुटुंब कायद्याने घरच्या अपंग किंवा आजारी माणसाची काळजी घेणाऱ्या अठरा वर्षांखालच्या मुलांना त्यांच्या गरजांची पाहणी करून घेण्याचा हक्क दिला. तेवढं आपल्याला लगेच परवडणार नाही, कबूल. पण डॉन मेयर या अमेरिकी माणसाने १९८२ मध्ये सिअ‍ॅटलमध्ये सुरू केलेल्या भावंडांच्या मेळाव्यांना इमारत लागत नाही. एक मोठं माणूस, एक खोली, खेळ, खाऊ, आणि आपल्यासारखी आणखी पाच-सहा मुलं आहेत हे पाहणं, एवढंच त्यात असतं. दापोलीच्या एखाद्या शाळेच्या वर्गात रविवारी हे होऊ शकतं. १८८६ मध्ये कर्व्यांनी ‘मुरुड फंड’ काढला तो गावाने गावासाठी थोडंथोडं घालावं म्हणूनच, तेव्हा ही कल्पना या मातीला परकी नाही.

सरकारी चौकटीतही जागा आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं २०१३ पासून अंगणवाड्यांत आणि शाळांत जाऊन मुलं तपासतात. विकासातला विलंब आणि अपंगत्व हा त्यांच्या तपासणीचा भाग आहे. एखाद्या मुलाची नोंद झाली की त्याच शाळेत त्याचं भावंड आहे का, हा एक प्रश्न त्या कागदावर वाढवायला किती शाई लागेल? जिल्हा परिषदेच्या लहान शाळेत तर मास्तरांना दोघंही नावानिशी माहीत असतात. दुसरी सुधारणा दिव्यांगत्व प्रमाणपत्राच्या वेळची. आज टक्केवारी ठरते, सही-शिक्का होतो, कार्ड मिळतं. त्याच दिवशी डॉक्टरांनी किंवा समाजसेवकाने भावंडाला समोर बसवून, त्याच्या वयाला झेपेल अशा मराठीत, दहा मिनिटं बोलावं: याला काय झालं आहे, काय झालेलं नाही, हे तुझ्यामुळे झालेलं नाही, तुला राग येऊ शकतो आणि आला तरी चालेल, आणि मोठेपणी तू काय करायचंस हे आज ठरलेलं नाही. बहुतेक वेळा त्यासाठी त्याला वेगळं बोलावून घ्यावंही लागणार नाही. घरी एकटं कोणाजवळ ठेवायचं, म्हणून ते बरोबर आलेलंच असतं, आणि कागदांची पिशवी मांडीवर घेऊन बाहेरच्या बाकावर बसलेलं असतं.